कारखान्यात नवीन लागलात? सुरक्षा कुठून आणि कोणत्या क्रमाने शिकायची

आयटीआय संपलं आणि चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, बुटीबोरी अशा कुठल्यातरी एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून किंवा ठेकेदाराकडून कामाला लागलात, की पहिल्या दिवशी साधारण एकच प्रकार होतो. एचआरवाले एका खोलीत बसवतात, व्हिडिओ लावतात, हेल्मेट आणि बूट देतात आणि हजेरीच्या कागदावर सही घेतात. "सेफ्टी इंडक्शन झालं" अशी नोंद फाइलला लागते. ती नोंद कंपनीच्या ऑडिटसाठी आहे. तुम्ही ज्या मशिनवर उभे राहणार आहात त्या मशिनचं ट्रेनिंग अजून बाकी असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी मागून घ्यावं लागतं.

पुढचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. बरेच जण उलट्या बाजूने सुरू करतात: आधी पैसे भरून सर्टिफिकेट, मग नोकरी, आणि मशिनचा धोका शेवटी, कधीकधी बोट गेल्यावर. माझा भर प्रेस शॉप आणि मशिन शॉपवर आहे, पण बांधकाम, गोदाम किंवा केमिकल प्लांटमध्ये असाल तरी क्रम हाच चालेल.

पायरी १: आपलं मशिन नीट पाहून घ्या

मशिन चालू करण्याआधी ऑपरेटरला किंवा सेटरला विचारा: हे बंद कुठून होतं? बंद केल्यावर लगेच थांबतं की फिरत राहतं? यात हात कुठे सापडू शकतो? गार्ड कोणता आणि तो काढायची परवानगी कोणाला? उत्तर देताना समोरचा "अरे काही होत नाही, बघून बघून येईल" म्हणाला, तर त्याला दाखवायला सांगा. लाल मशरूम बटण (इमर्जन्सी स्टॉप) प्रत्यक्ष दाबून मशिन खरंच थांबतं का, हे शिफ्ट सुरू होताना एकदा पाहायचं. बटण आहे पण वायर तोडलेली आहे, असली मशिनं आजही सापडतात.

पॉवर प्रेसचं जरा सविस्तर सांगतो, कारण बोटं सगळ्यात जास्त तिथे जातात. जुन्या मेकॅनिकल प्रेसमध्ये पिन क्लच किंवा रोलिंग की क्लच असतो. पेडल दाबलं की क्लच फ्लायव्हीलला धरतो आणि एक पूर्ण स्ट्रोक झाल्याशिवाय सोडत नाही. म्हणजे रॅम (वरखाली होऊन दाब देणारा भाग) खाली निघाला की मधे थांबवायची सोयच नाही. अशा प्रेसला कोणी लाइट कर्टन (किरणांचा पडदा, मधे हात आला की मशिनला थांबायचा सिग्नल देणारा) लावून "आता सेफ झाली" म्हणत असेल तर ते खोटं समाधान आहे. किरण तुटला तरी स्ट्रोक पूर्ण होणारच. लाइट कर्टन कामाचा असतो तो न्यूमॅटिक किंवा हायड्रॉलिक फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर, जिथे रॅम अर्ध्यात थांबू शकतो. पिन क्लचच्या प्रेसवर खरा उपाय म्हणजे डायभोवती (साच्याभोवती) पक्का गार्ड, ज्यातून जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, आत जाईल पण बोट जाणार नाही; आणि जॉब ठेवायला-काढायला चिमटा किंवा मॅग्नेट.

दुसरी गोष्ट डबल स्ट्रोकची. क्लचची पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली की पेडल एकदा दाबल्यावर प्रेस दोनदा मारते. पहिल्या स्ट्रोकनंतर जॉब काढायला हात आत गेलेला असतो. प्रेसने एकदा जरी डबल मारलं तरी ती त्या क्षणी बंद करायची, मेन स्विच ऑफ करायचा आणि मेंटेनन्सला कळवायचं. "प्रॉडक्शन काढ, संध्याकाळी बघू" हे ऐकायचं नाही. दोन हातांची बटणं असलेल्या प्रेसवर एका बटणात काडी किंवा नाणं अडकवून एका हाताने काम करणारे हुशार प्रत्येक शॉपमध्ये भेटतात. त्यांच्याकडून सेटिंग शिका, ती युक्ती शिकू नका.

बाकी मशिनचं थोडक्यात. ड्रिल आणि लेथवर, म्हणजे जिथे स्पिंडल फिरतो तिथे, हँडग्लोव्हज घालायचे नाहीत. ग्लोव्ह गुंडाळला जातो आणि हात ओढला जातो. अँगल ग्राइंडरवर चाक लावताना चाकावर छापलेला कमाल आरपीएम मशिनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. चार इंची ग्राइंडरचा गार्ड काढून त्यावर मोठं चाक बसवणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड आहे. मोठ्या चाकाचा कमाल आरपीएम कमी असतो आणि छोटं मशिन जोरात फिरतं, म्हणून ते चाक फुटतं. आणि फुटतं तेव्हा समोर तोंड असतं.

मशिन साफ करायची किंवा अडकलेलं स्क्रॅप काढायचं असेल तर नुसतं स्टॉप बटण पुरत नाही. मेन बंद, त्यावर आपलं कुलूप, चावी आपल्या खिशात. याला लोटो म्हणतात. कंपनीत लोटोची कुलपं नसतील तर साधं कुलूप आणि "काम चालू आहे, चालू करू नये" अशी पाटी, एवढं तरी मागा.

पायरी २: जे दिसत नाही त्याची चौकशी

बोट तुटलं की सगळ्यांना दिसतं. कान आणि फुफ्फुसं हळूहळू जातात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार जगात कामामुळे वर्षाला सुमारे २९ लाख ३० हजार माणसं मरतात. त्यातले सुमारे २६ लाख मृत्यू कामातून जडलेल्या आजारांनी होतात. अपघातांनी सुमारे ३ लाख ३० हजार. आपलं सगळं सेफ्टी ट्रेनिंग मात्र या छोट्या आकड्याभोवती फिरतं.

केमिकलपासून सुरुवात करा. थिनर, डिग्रीझर, कूलंट, पेंट, रेझिन, जे काही डब्यात किंवा ड्रममध्ये येतं, त्याची सेफ्टी डेटा शीट असते. ती स्टोअरमध्ये किंवा सेफ्टी ऑफिसरकडे मिळते. तिचे १६ भाग असतात आणि नवशिक्याने सगळे वाचायची गरज नाही. भाग २ मध्ये धोका काय ते असतं, भाग ४ मध्ये प्रथमोपचार, भाग ८ मध्ये हवेत किती प्रमाण चालतं आणि कोणता मास्क, कोणते ग्लोव्हज लागतात. भाग ८ मध्ये नायट्राइल ग्लोव्हज लिहिलेत आणि तुम्हाला कापडी दिलेत, तर मुद्दा तिथेच सापडला. बाटलीत ओतून ठेवलेलं, लेबल नसलेलं काहीही वापरू नका. पाण्याच्या बाटलीत थिनर ठेवायची सवय तर मोडूनच काढा.

आवाजाची एक सोपी खूण आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर आहे. अमेरिकेतली नायोश ही सरकारी संशोधन संस्था ८ तासांसाठी ८५ ही मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगते. ८८ असेल तर ४ तास. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ८ तासांसाठी ९० आहे. नायोशचं आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप आहे, पण ते फक्त आयफोनवर चालतं. आयफोनवाला एखादा सुपरवायझर असतोच, त्याच्याकडून मोजून घ्या.

कामावर लागताना कानांची आणि फुफ्फुसांची तपासणी झाली असेल तर रिपोर्टची प्रत घ्या आणि घरी ठेवा. झाली नसेल तर मागा. पाचेक वर्षांनी ऐकू कमी येऊ लागलं तर आधी कान चांगले होते हे दाखवायला तोच कागद लागतो.

पायरी ३: हेल्मेट-बूट शेवटी का येतात

धोका कमी करायचा जगभर मान्य असलेला क्रम असा: आधी धोका काढूनच टाका, नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू वापरा, मग गार्ड-एक्झॉस्टसारखी यांत्रिक सोय, मग कामाची पद्धत आणि पाळ्या, आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं. आपल्याकडे सुरुवातच शेवटापासून होते, कारण गॉगल स्वस्त असतो आणि एक्झॉस्ट महाग. वेल्डिंगचा धूर ओढणारी हूड मागितली आणि मास्क मिळाला, तर मास्क घ्या, पण हूड मागणं सोडू नका.

जी साधनं मिळतात ती खरी आहेत का ते तपासा. औद्योगिक हेल्मेटला आयएस २९२५, सेफ्टी शूजना आयएस १५२९८, धुळीच्या मास्कला आयएस ९४७३, उंचीवरच्या कामाच्या हार्नेसला आयएस ३५२१. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. रस्त्यावरून आणलेलं पिवळं टोपलं डोक्यावर घालून काही होत नाही.

आणि या साधनांचे पैसे पगारातून कापायचे नसतात. ठेकेदार पहिल्या पगारात बुटांचे पैसे कापतो आणि पोरं गप्प बसतात. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

पायरी ४: हक्क माहीत करून घ्या आणि मागायचं कसं ते शिका

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने १९४८ च्या कारखाना अधिनियमाची जागा घेतली. नवीन माणसाला त्यातल्या काही गोष्टी पुरतात. नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. सुरक्षेसाठी केलेल्या किंवा दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. बूटही आले, तपासणीही आली. कामाची माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कलम १४ प्रमाणे आपल्या सुरक्षेची माहिती मागायचा हक्क तुम्हाला आहे, आणि गंभीर इजा होण्याची वाजवी भीती वाटली तर ती मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालायचाही. अप्रेंटिस असाल तरी सुरक्षेच्या तरतुदी तुम्हाला लागू आहेत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यातच तसं लिहिलं आहे.

जगाच्या पातळीवर हे नवीन नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करारही सुरक्षेचा खर्च कामगारावर टाकू नये असंच सांगतो. जून २०२२ मध्ये संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्कांमध्ये घेतला.

कायदा तोंडावर फेकून मात्र काही मिळत नाही, निदान पहिल्या महिन्यात तरी नाही. "सर, एकदा गार्ड बसवून घेऊ, मग मी लावतो. नाहीतर उद्या तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल," असं शांतपणे म्हटलं की बहुतेक सुपरवायझर ऐकतात, कारण अपघाताचा रिपोर्ट त्यांनाही नको असतो. नाही ऐकलं तर सुरक्षा समितीतल्या कामगार प्रतिनिधीला सांगा. सेफ्टी ऑफिसर असेल तर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मशिनचा नंबर लिहून कळवा. मेसेजला तारीख असते. (आत फोटो काढायला बऱ्याच कंपन्यांत बंदी असते. नसता वाद ओढवून घेऊ नका, नुसतं लिहा.) शेवटचा दरवाजा म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. जुनी माणसं अजून "फॅक्टरी इन्स्पेक्टर" म्हणतात ते हेच.

पायरी ५: ईएसआयसी आणि अपघाताचे कागद

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे सोडतात, आणि पुढे कुटुंब ती भोगतं.

महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होते. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातं आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर लागल्याबरोबर इन्शुरन्स नंबर आणि ई-पहचान कार्ड मागा. काही ठेकेदार पगारातून कापतात पण नाव चढवत नाहीत, किंवा अपघात झाल्यावर घाईघाईने चढवतात. आधार जोडलंय का, घरच्यांची नावं आलीत का, हे उमंग अ‍ॅपवर बघता येतं. आजारपणाच्या लाभाला काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या इजेला तशी अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. इजेमुळे कामावर जाता येत नसेल तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर. कामावर येता-जाताना झालेला अपघातही यात बसू शकतो.

अप्रेंटिसांना सहसा ईएसआयसी नसते. त्यांची भरपाई अप्रेंटिस कायद्याच्या कलम १६ प्रमाणे थेट मालकावर येते. आपण नक्की कोण, अप्रेंटिस, ट्रेनी की ठेक्यावरचा कामगार, हे नेमणूकपत्रात वाचून ठेवा.

अपघात झालाच, तर आधी जीव. रक्त थांबवायला स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, १०८ ला फोन. बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, पेशी जळतात आणि जोडता येत नाही. पिशवी पेशंटबरोबरच जायला हवी. गडबडीत ती मशिनजवळ राहून गेल्याचे प्रकार होतात.

मग कागद. दवाखान्यात डॉक्टर विचारतात "कसं झालं?" आणि जे उत्तर मिळेल ते केसपेपरवर लिहितात. सोबत गेलेला ठेकेदाराचा माणूस पुढे होऊन "गाडीवरून पडला" किंवा "घरी लागलं" सांगतो, पोरगं वेदनेत असतं, गप्प राहतं. नंतर भरपाईच्या वेळी तीच ओळ आडवी येते. म्हणून स्वतः बोला, किंवा आपला मित्र सोबत न्या: "अमुक कंपनीत, अमुक मशिनवर, अमुक वाजता." केसपेपरची प्रत लगेच घ्या. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते बघा आणि ज्याने पाहिलं त्याचं नाव-नंबर स्वतःकडे लिहून ठेवा. "खासगी दवाखान्यात सगळा खर्च आम्ही करतो, ईएसआयसीच्या भानगडीत नको पडू," असं कोणी म्हटलं तर खर्च जरूर करू द्या, पण नोंद सोडू नका. टाके काढल्यावर तो माणूस फोन उचलेलच असं नाही.

पायरी ६: जगभरातून फुकट काय शिकता येतं

इथपर्यंत आलात की शिकायची साधनं कामाला येतात, कारण काय शोधायचं ते आता माहीत आहे. सगळी खाली करून फोन भरू नका. आपल्या मशिनचं किंवा केमिकलचं नाव टाकून एकेक शोधा.

इंग्रजीची अडचण असेल तर नापोपासून सुरुवात करा. युरोपातल्या सुरक्षा संस्थांनी मिळून केलेली ही ॲनिमेशन पात्राच्या छोट्या चित्रफितींची मालिका आहे, आणि तिच्यात संवादच नाहीत. नापो घसरतो, चिडतो, मशिनमध्ये हात घालतो, आणि पोलंडच्या कामगाराला जे कळतं ते परळीच्या पोरालाही कळतं. जेवणाच्या सुट्टीत पाच जणांनी मिळून बघायला याहून बरं काही नाही.

ब्रिटनच्या एचएसई या सरकारी संस्थेची माहिती फुकट आहे आणि तिचं इंग्रजी सोपं आहे. तिची 'कॉश एसेन्शियल्स' नावाची पानं कामागणिक आहेत: वेल्डिंगचा धूर, दगड कापताना उडणारी धूळ, फाउंड्रीची वाळू. कॅनडाच्या सीसीओएचएस या सुरक्षा केंद्राची माहिती प्रश्नोत्तरांत आहे. नवख्याला मला तीच सगळ्यात सोयीची वाटते. अमेरिकेच्या ओशा या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेची एकपानी क्विक कार्डं आणि नायोशचं केमिकलांचं पॉकेट गाइड कामाचं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून केमिकलांची छोटी सुरक्षा कार्डं काढतात. थिनरमधल्या टोल्युइनचं कार्ड काढून डेटा शीटशी ताडून बघा. एवढं लक्षात ठेवा की अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे कायदे आपल्याला लागू नाहीत. हात कुठे सापडतो ते मात्र सगळीकडे सारखंच.

घराजवळ सांगायचं तर मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथे प्रशिक्षण चालतं आणि औद्योगिक सुरक्षेचं प्रदर्शन-संग्रहालयही आहे. मशिनचे गार्ड कसे असायला हवेत ते तिथे प्रत्यक्ष बघता येतं. बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आहे. परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणून ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह. त्या आठवड्यात कंपनीत घोषवाक्य स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. तोच आठवडा साधून साहेबांकडे दोन तासांचं मशिनवरचं प्रात्यक्षिक मागा. वर्षभर नाही म्हणणारे साहेब त्या आठवड्यात नाही म्हणत नाहीत.

पायरी ७: सर्टिफिकेट आणि आखात

आता सर्टिफिकेट. महाराष्ट्रातल्या कारखान्यात कायद्याने लागणारा सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर शिक्षण-अनुभवाबरोबर मान्यताप्राप्त औद्योगिक सुरक्षा डिप्लोमा लागतो. राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा त्यातलाच. ब्रिटनच्या नेबॉश या परीक्षा मंडळाचं सुरक्षा सर्टिफिकेट आखातात आणि परदेशी कंपन्यांत चालतं, पण इथल्या डिप्लोमाची जागा ते घेत नाही. फी भरण्याआधी कोर्स चालवणाऱ्याचं नाव नेबॉशच्या स्वतःच्या यादीत आहे का बघा. "दोन दिवसांत ओशा सर्टिफिकेट" विकणाऱ्यांपासून लांब राहा. ओशाचं १० किंवा ३० तासांचं कार्ड फक्त अधिकृत प्रशिक्षकाकडून मिळतं आणि ते अमेरिकेतल्या कामासाठी आहे.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून आखातात जाणाऱ्यांनी उन्हाचे नियम तोंडपाठ करावेत. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३, सौदीत त्याच काळात १२ ते ३. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट सहसा इमिग्रेशन चेक लागणारा असतो. त्यांनी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणी आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी झाल्याशिवाय विमानात बसू नये. सरकारचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण एक दिवसाचं आणि फुकट आहे. एजंट "त्याची गरज नाही" म्हणाला तर त्याच्या कागदांतलं आणखी काय काय खोटं आहे ते तपासा: व्हिसावरचं काम आणि करारावरचं काम एकच आहे का, पगार दोन्हीकडे तोच आहे का. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विम्याच्या प्रती जाण्याआधी घरी एकीकडे ठेवा आणि एकीकडे फोनमध्ये.